कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

दिवस गेल्याचं कळलं की घरातली वडीलधारी माणसं सांगू लागतात: हात वर करून माळ्यावरचं काही काढू नकोस, वाकू नकोस, बादली उचलू नकोस, जिन्यावरून उगाच खालीवर करू नकोस. तीच माणसं नववा लागला की म्हणतात, "आता जरा उकिडवं बसून फरशी पुसत जा, म्हणजे नॉर्मल होईल." आधीच्या आठ महिन्यांत जिला बोट उचलू दिलं नाही, तिच्याकडून शेवटच्या चार आठवड्यांत पैलवानाची तयारी करून घ्यायची, असा हा हिशेब. मधल्या काळात तिनं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हे पुस्तक त्या मधल्या काळाचं आहे, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

घरच्यांच्या या सूचनांची मी कधी टर उडवली नाही. त्यांच्यामागे भीती असते, आणि ती उगाच आलेली नसते. ज्यांनी घरातली एखादी पहिलटकरीण गमावलेली पाहिली, त्यांनी सावधगिरीचे नियम रचले. त्यांतले काही उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी, तर काहींना काडीचाही आधार नाही. हात वर केल्यानं बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो ही समजूत तिसऱ्या गटातली. वेढा बसतो तो बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे, आणि नाळ लांब असली तर जास्त. तो इतका सर्रास दिसतो की साधारण चार-पाच बाळंतपणांत एकदा आढळतोच, आणि बहुतेक वेळा बाळाला त्याचा काही त्रास होत नाही. आईनं दोरीवर कपडे वाळत घातले काय किंवा नाही घातले काय, आतल्या बाळाला त्याचा पत्ता नसतो.

आम्ही डॉक्टर मंडळी तरी फार शहाणी होतो असं नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानं 1985 मध्ये गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल पहिली मोठी सूचनावली काढली. तिच्यात दोन आकडे ठळक होते: नाडी मिनिटाला 140 च्या वर जाऊ द्यायची नाही, आणि जोराचा व्यायाम सलग 15 मिनिटांपेक्षा जास्त करायचा नाही. त्या आकड्यांना फारसा पुरावा नव्हता. काळजीपोटी घेतलेला तो अंदाज होता. 1994 मध्ये त्याच संस्थेनं नाडीची अट काढून टाकली. 2002 मध्ये तर तिनं गुंतागुंत नसलेल्या गरोदर स्त्रीनं बहुतेक दिवशी अर्धा तास मध्यम व्यायाम करावा, असं उलट सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात आठवड्याला किमान 150 मिनिटांचा आकडा आहे. तरीही 140 चा तो जुना आकडा आजही सल्ल्यांतून, कागदांवरून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून भेटत राहतो. रद्द झालेला नियम लोकांच्या डोक्यातून निघायला किती काळ लागतो, याचा हा चांगला नमुना आहे.

नाडीचा आकडा का सोडला, हे समजून घेण्यासारखं आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. ते फिरवायला हृदयाला जास्त काम पडतं, आणि नुसतं बसलेलं असतानाही नाडी पूर्वीपेक्षा मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांनी जास्त पडते. उलट श्रमानं ती किती चढेल, हे बाईगणिक बदलतं. म्हणजे मोजपट्टीच हललेली असते. तिच्याऐवजी आता जी कसोटी वापरतात ती फुकट आहे आणि कुणालाही जमते: चालता चालता बोलता आलं पाहिजे. शेजारणीशी गप्पा चालू आहेत, वाक्य पुरं होतंय, तर वेग ठीक. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग कमी करायचा. आणि गाणं म्हणता येईल इतकं सावकाश चाललं असेल, तर ती रपेट आहे. रपेटीलाही माझी हरकत नाही, पण तिला व्यायाम म्हणू नये.

जुन्या ग्रंथांचा दाखला या विषयात हमखास दिला जातो, म्हणून त्याबद्दलही दोन शब्द. आनंदीबाई जोशींनी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हा होता. आपल्याकडच्या जुन्या ज्ञानाकडे डॉक्टरी नजरेनं पाहणारी ती पहिली मराठी स्त्री. सुश्रुतानं गर्भिणीला वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींच्या यादीत व्यायाम आहे हे खरं. पण त्याच यादीत दिवसा झोपणं आहे, रात्रीचं जागरण आहे, अति खाणं आहे, शरीर अति कृश करणं आहे, शोक आणि भीतीही आहे. आपल्या घरांत या यादीतला व्यायाम तेवढा उचलला जातो. दुपारची दोन तासांची झोप आणि दोन जिवांचं म्हणून वाढलेलं दुप्पट ताट यांना मोकळीक मिळते. चरकानं गर्भाला घातक ठरणाऱ्या गोष्टी सांगताना व्यायामाला दोन विशेषणं जोडली आहेत: दारुण आणि अनुचित, म्हणजे अतिकठोर आणि सवयीचा नसलेला. त्या दोन विशेषणांत आजच्या सूचनावलीचा बराच भाग बसतो. जी आधीपासून पोहते, तिनं पोहावं. जिनं आयुष्यात धावण्याचे बूट घातले नाहीत, तिनं पाचव्या महिन्यात मॅरेथॉनच्या तयारीला लागू नये. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इजिप्तची तलवारबाज नादा हाफेज सात महिन्यांची गरोदर असताना खेळली. तिची बातमी वाचून उत्साह जरूर यावा, पण तिच्या सात महिन्यांमागे कितीतरी वर्षांचा सराव होता, हेही लक्षात ठेवावं.

या पुस्तकाची लेखिका फिजिओथेरपिस्ट आहे, आणि शरीरात नेमकं काय बदलतं हे तिनं ज्या सोपेपणानं सांगितलंय त्याची मी इथे पुनरुक्ती करणार नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरून घराघरांत गैरसमज होतो. पोट दिसायलाही लागलेलं नसतं, तिसराच महिना असतो, आणि एक जिना चढून मुलीला दम लागतो. सासू म्हणते, अशक्तपणा आलाय, आता झोपून राहा. खरं तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मेंदूच तिला जास्त खोल श्वास घ्यायला लावत असतो; आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी राहिला की बाळाचा तिकडे सहज उतरतो, अशी ती सोय आहे. हा दम बहुतेक वेळा तब्येत बिघडल्याचं लक्षण नसतो.

'बहुतेक वेळा' असं म्हणावं लागतं, कारण आपल्या देशात दम लागण्याचं दुसरं कारण घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. परदेशी पुस्तकांत रक्तक्षय हा मनाईच्या यादीतला एक छोटा मुद्दा असतो; आपल्याकडे तो पहिलाच प्रश्न असायला हवा. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर व्यायामाचा विचारही नको, आधी उपचार. सात ते दहाच्या मध्ये असेल तर डॉक्टरांना विचारून, हलकं चालणं, आणि लोहाच्या गोळ्या न चुकता. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट गच्च वाटतं, म्हणून त्या उशीखाली जमा होतात, हे प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. व्यायाम सुरू करण्याआधी एवढी तपासणी आणि हातातल्या माता-बाल कार्डावरचा हिमोग्लोबिनचा आकडा पाहणं, ही माझी एकमेव हट्टाची अट आहे.

दुसरा आपला प्रश्न साखरेचा. गरोदरपणातल्या मधुमेहाबद्दल भारतात सर्वाधिक चिकाटीनं काम केलं ते चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी; त्यांचा वाढदिवस, 10 मार्च, आपल्याकडे या आजाराचा जागृतीदिन म्हणून पाळला जातो. पोटात अन्न असो-नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचं, दोन तासांनी साखर मोजायची, 140 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह समजून उपचार सुरू करायचे, ही साधी पद्धत त्यांच्यामुळे आपल्या सरकारी दवाखान्यांत आली. लांबून, उपाशीपोटी येणं जिला शक्य नाही, तिचा विचार त्यात आहे. इथे व्यायाम हा जवळजवळ औषधाच्या जागी येतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर उचलतो, आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची फारशी मनधरणी करावी लागत नाही. म्हणून सकाळी एकदाच तासभर चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं अशा बाईला जास्त मानवतं. त्यासाठी बागही लागत नाही. गॅलरी, गच्ची, चाळीतला लांब व्हरांडा, काहीही चालतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्यायामाचा विषय काढला की कुणीतरी हटकून म्हणतं, आमच्या आज्या शेतात राबायच्या, बांधावर बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी भाकरी थापायच्या. कुणी केला होता व्यायाम? या कथेतून नेहमी एक निष्कर्ष काढला जातो, की राबणाऱ्या बाईचं बाळंतपण सोपं. कॅथलीन वॉन नावाची इंग्रज डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत काश्मिरात काम करायची. तिथल्या नावाड्यांच्या बायका सहज बाळंत होतात आणि पडद्यात राहणाऱ्या घरंदाज बायका अडतात, हे तिनं पाहिलं. पण तिनं बारकाईनं पाहिलं, म्हणून तिला दिसलं की पडद्यातल्या बायकांची हाडं उन्हाअभावी मऊ पडून ओटीपोटाचा सांगाडाच वेडावाकडा झालाय. नावाडणीला मिळत होतं ते ऊन आणि मोकळी हालचाल. कष्टांचा महिमा त्यातून सिद्ध होत नव्हता.

कष्टांचं काय होतं, हे पुण्याजवळच्या गावांत मोजलं गेलं. 1990 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्या काय खातात, किती खातात, याच्या जोडीला त्या दिवसभर काय काम करतात याचीही नोंद ठेवली गेली: शेतातलं काम, पाणी भरणं, घरकाम, सगळं. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये त्यातला श्रमांविषयीचा भाग प्रसिद्ध केला. ज्या बायकांवर कामाचा बोजा जास्त, त्यांच्या बाळांचं वजन कमी, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. मला या विषयावरचं हे सर्वांत महत्त्वाचं मराठी मातीतलं संशोधन वाटतं, आणि गरोदरपणातल्या व्यायामावर बोलणारे लोक ते क्वचितच वाचतात.

मग एकीकडे व्यायाम बाळाला अपाय करत नाही असं म्हणायचं, आणि दुसरीकडे श्रमांनी बाळ लहान राहतं असं म्हणायचं, हे जुळतं कसं? जुळतं, कारण व्यायाम करणारी बाई पोटभर जेवलेली असते, तिनं वेळ निवडलेली असते, आणि मुख्य म्हणजे तिला थांबता येतं. चक्कर आली, ती बसली. पोटात कळ आली, ती घरी परतली. बीडकडून उसाच्या फडात गेलेली बाई सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते, तेव्हा तिला थांबता येत नाही. उचल घेतलेली असते; एक दिवस बसलं तर खाडा लागतो, आणि तो कोयत्याच्या हिशेबातून, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या मजुरीतून कापला जातो. तिच्या शरीरावर पडणारा भार आणि जिममध्ये वजन उचलणाऱ्या बाईवरचा भार किलोत मोजला तर कदाचित सारखाही भरेल. तरी या दोन गोष्टी एकाच नावानं ओळखता येणार नाहीत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात शेवटच्या सुमारे दहा आठवड्यांत, बाईनं मागणी केल्यास, तिला कष्टाचं आणि तासन्‌तास उभं राहण्याचं काम देऊ नये असं म्हटलं होतं. फडात ही मागणी कुणाकडे करायची, हे कायद्याला विचारण्यात अर्थ नाही.

पुस्तकातल्या प्रत्येक व्यायामाला म्हणूनच मी हीच कसोटी लावून पाहिली, की यातून मधेच थांबता येतं का, आणि थांबल्यावर काही बिघडतं का. चालणं, पोहणं, स्थिर सायकल, हलकी वजनं, आसनं या कसोटीला उतरतात. तारकर्लीच्या समुद्रातलं स्कूबा डायव्हिंग उतरत नाही: खोल पाण्यातून वर येताना रक्तात जे वायूचे बुडबुडे होतात ते गाळून टाकायची सोय बाळाच्या शरीरात नसते, आणि वर आल्यावर ते थांबवताही येत नाहीत. घोडेस्वारी, कबड्डी, पोटावर आपटण्याची शक्यता असलेलं काहीही, याच कारणानं बाद. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर बाहेर चालणंही मी त्यातच धरीन, कारण अंग तापलं की ते लगेच उतरत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत आईचा ताप बाळाच्या मज्जासंस्थेला सोसत नाही.

आसनांवरचं प्रकरण मला विशेष आवडलं. पुण्यात या विषयाची मोठी परंपरा आहे. गीता अय्यंगार यांचं स्त्रियांसाठीचं योगाचं पुस्तक 1983 मध्ये इंग्रजीत आलं, आणि 2010 मध्ये खास मातृत्वावरचं. लोड, खुर्ची, पट्टा, भिंत यांचा आधार देऊन आसन शरीराच्या मापाचं करायचं, ही अय्यंगारांच्या घरची पद्धत गरोदर बाईला जणू तिच्यासाठीच शिवल्यासारखी बसते. बद्धकोनासन, उपविष्टकोनासन, भिंतीला टेकून केलेली उभी आसनं, ही सगळी तिच्या उपयोगाची. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, पोटावर झोपून करायची आसनं मात्र या काळात नकोत. विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणं झोपूनही काही करू नये: वाढलेलं गर्भाशय मागच्या महाशिरेवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि बाईला गरगरतं. शवासनसुद्धा डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. लेखिकेनं याची चित्रं दिली आहेत आणि चित्रातल्या बाईनं सलवार-कमीज घातलाय, एकीनं तर साडी. परदेशी पुस्तकांतल्या तंग कपड्यांतल्या सडपातळ बायका पाहून आपल्या निम्म्या वाचकिणी पहिल्या पानावरच पुस्तक मिटतात.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. खोकताना, हसताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात, हे शेकडो बायका वर्षानुवर्षं सोसतात आणि सांगत नाहीत; बाळंतपण झालं की असं व्हायचंच, असं त्यांना त्यांच्या आयांनी सांगितलेलं असतं. अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 मध्ये या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, आणि त्याला एक पैसा खर्च येत नाही. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण आतून जे आवळून धरतो, तेच आवळायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना होतं, बसमध्ये होतं. कुणाला दिसतही नाही.

एका गोष्टीवर मात्र मी नाराजी नोंदवतो, पुस्तकाबद्दल नव्हे, बाजाराबद्दल. "हमखास नॉर्मल डिलिव्हरी" असं छापून शिबिरं विकली जातात. व्यायामानं अवाजवी वजनवाढ, गरोदरपणातला मधुमेह आणि कंबरदुखी कमी होते, सिझरची शक्यताही थोडी उतरते, इतकं म्हणायला आधार आहे. हमखास म्हणायला नाही. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, तर जगातलं कुठलंही आसन ते बदलणार नाही. आणि मग सिझर झालेली मुलगी स्वतःला दोष देत बसते, की आपण वर्गाला चार वेळा गेलो नाही. तो दोष तिच्या पदरात घालणारे लोक फी मात्र आगाऊ घेतात.

याच्या उलटं टोक म्हणजे सरसकट बेडरेस्ट. काही मोजक्या कारणांसाठी हालचाल आवरावी लागते हे खरं: दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत सतत रक्त जाणं, सव्विसाव्या आठवड्यानंतरही वार खाली असणं, गर्भाशयाचं तोंड सैल असणं किंवा त्याला टाका घातलेला असणं, पाणी जाणं, वेळेआधी कळा सुरू होणं, रक्तदाब चढून अंगावर सूज येणं, गंभीर हृदयविकार. या बायकांनी हे पुस्तक बाजूला ठेवावं आणि आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांना "जरा आराम करा" म्हणून महिनोन्‌महिने पलंगावर ठेवण्यानं फायदा होतो असं दिसलेलं नाही. त्यातून पायांच्या शिरांत रक्ताची गाठ धरण्याचा धोका तेवढा वाढतो. व्यायाम थांबवण्याची लक्षणं लेखिकेनं मलपृष्ठाच्या आत वेगळ्या पानावर दिली आहेत: रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतरानं दुखणं, छातीत दुखणं, चक्कर, डोकेदुखी, श्रम सुरू होण्याआधीच लागलेला दम, एका पोटरीत दुखून येणारी सूज. ते पान फाडून फ्रिजवर लावावं, आणि नवऱ्याला वाचायला लावावं.

लेखिकेशी माझा एकच मतभेद झाला. पुस्तक जिला थांबता येतं तिच्यासाठी आहे. जिला येत नाही तिच्यासाठी एक प्रकरण हवं, असं मी हस्तलिखित वाचून कळवलं. ती म्हणाली, "सर, तिला मी कुठला व्यायाम सांगू?" तिचं बरोबर होतं. व्यायाम तिला सांगायचाच नाही. हंडा पूर्ण न भरता दोन फेऱ्यांत आणणं, ओझं डोक्यावर घेताना दुसऱ्या कुणाचा हात लावून घेणं, दुपारी तासभर डाव्या कुशीवर पडणं, घरात सगळ्यांच्या शेवटी न जेवता सगळ्यांबरोबर जेवणं, उन्हाचं सावलीत बसून पाणी पिणं, आणि या गोष्टी तिला करू देण्याबद्दल तिच्या नवऱ्याशी, सासूशी, मुकादमाशी कुणीतरी बोलणं, असं ते प्रकरण होईल. गावोगावच्या आशाताईंकडून त्यासाठी माहिती गोळा करायला तिनं सुरुवात केली आहे. पुढच्या आवृत्तीत ते येईल, असं तिनं मला कबूल केलंय.